मामाची लेक, सरकारची नोकर

“दुरियनच्या झाडाखाली उभी राहतेस? फळ डोक्यात पडलं तर कवटी फुटेल!”

तिउर्मा दचकून बाजूला झाली. मोटारसायकल चिखलात रुतलेली, ती घामाघूम, आणि हा बागवाला खुशाल हसतोय! पण हसू... मोठं गोड होतं मेल्याचं.

“कूळ कोणतं तुझं?” त्यानं विचारलं. आमच्या सुमात्रात, सिपिरोककडे, नावाआधी हेच विचारतात.

“रितोंगा.”

“अरे वा! माझी आई रितोंगांचीच. म्हणजे तू मामाची लेक... आणि आपल्यात लग्न मामाच्या लेकीशी लावतात, ठाऊक आहे ना?”

“आधी गाडी काढ,” ती म्हणाली. नजर मात्र वर उचलवेना.

मग त्या हंगामात त्या बागवाल्याच्या, पार्लिनच्या अंगणात तिची गाडी वरचेवर थांबू लागली. तिउर्मा वन्यजीव खात्यात तपास अधिकारी आहे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या आईला त्याची फिकीर नव्हती. “सरकारी असलीस तरी भाचीच ना माझी!” म्हणत एका दुपारी तिनं चुलीजवळचं गाठोडं कौतुकानं उलगडलं. आत ओरांगउटानचं पिल्लू होतं. त्यानं तिउर्माचं बोट धरलं ते सोडेचना.

तिला ठाऊक होतं: आई जिवंत असताना पिल्लू कधी माणसाच्या हाती लागत नाही.

“पार्लिन, याची आई कुठंय?” तिनं बागेत विचारलं.

त्यानं झाडाकडे बोट केलं. “दुरियन फस्त करत होती. नुसतं घाबरवायला छर्‍याची बंदूक उडवली गं. पडली ती उठलीच नाही.”

“मला कशाला सांगितलंस? मी कोण आहे, माहीत नाही तुला?”

“माहीत आहे ना. बायको होणारीशी खोटं बोलू?”

ती तिथंच रडली. पिल्लू जंगलात सापडलं म्हण, कोण विचारतंय, अशी पार्लिनची आई तिला विनवत राहिली. खरंच कुणी विचारलं नसतं. पण त्या डोंगरात ओरांगउटान आता मोजकेच उरले होते, आणि आपल्या माणसाला सोडलं तर उद्या परक्याला कोणत्या तोंडानं धरायचं? तिउर्मानं अहवालात खरं तेच लिहिलं. पार्लिन तिला हवा होता — आजही हवा आहे.

अटक होऊन खात्याच्या जीपमध्ये चढताना तो म्हणाला, “सुटून आलो तर... येशील बागेत?”

ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात त्याची आई मध्ये आली. तिनं पिल्लू तिउर्माच्या हातात दिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, “हे घ्या, मॅडम.”