अँड्र्यू सरांचा सायलेन्सर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर केडगावला या, मामूंचं दुकान दाखवतो. ते मात्र तुमच्याशी बोलणार नाहीत. संध्याकाळी तर नाहीच.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. माझे मामू नूरुद्दीन जुन्या गाड्यांना सायलेन्सर बनवून देतात. गाडी बघायची, पाइप वाकवायचा, पत्रा वळवायचा. माणूस शब्दाचा पक्का, असं सगळे म्हणायचे.

मागच्या गल्लीतला जॉर्ज वडिलांची जुनी बुलेट घेऊन आला. वडील, म्हणजे अँड्र्यू सर, शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी वारले.

"चाचा, नवा सायलेन्सर करा, एकदम झकास. पण जुन्याला कटर लावू नका. आईला तो पपांची आठवण म्हणून ठेवायचाय."

"बिनघोर राहा," मामू म्हणाले.

आणि कटर लावलाच!

आतल्या जाळ्यांचं माप हवं होतं ना. उभा चिरला, माप घेतलं, दोन्ही तुकडे पोत्यात घालून माळ्यावर टाकले. कोण बघतंय?

नवा सायलेन्सर बसला, जुना नंतर ने असं सांगितलं, गाडी गेली. चौथ्या दिवशी जॉर्ज तावातावानं आला.

"चाचा, पपांचा सायलेन्सर कुणाच्या गाडीला लावलात?"

"काय बोलतोस?"

"रोज सहाला आमच्या गल्लीतून तोच आवाज जातो. मधेच येणारा ठसकासुद्धा तोच. आई चहा ठेवते अन् रडत बसते. विकलात ना?"

मामूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण दाखवणार काय? चिरलेले तुकडे?

"उद्या ये. दाखवतो."

पोरगं उगाच खुसपट काढतंय, असं मामूंना वाटलं. खातरजमा करायला सहाला ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. अजून उजेड होता.

फट्... फट्... फट्... ठसका.

गल्लीत गाडीच नव्हती.

रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठून बाजूला झालं... आणि आवाज मामूंना घासून पुढं गेला.

जॉर्जची आई, दीनाबाई, दारात उभी होती. "ऐकलंत ना? घरी थांबत न्हाईत हो. सरळ तुमच्या दुकानाकडं जातात."

मामू पळतच दुकानात आले. कुलूप जसंच्या तसं. माळ्यावरचं पोतं ओढलं, आत हात घातला...

चटका बसला!

इतके दिवस पडून असलेले दोन तुकडे, आत्ताच गाडी बंद केल्यासारखे तापले होते.

आता तरी खरं सांगावं की नाही? पण अब्रू आडवी आली. मामूंनी सकाळी लवकर येऊन तुकडे वेल्डिंगनं जोडले, सांधा घासला, काळा रंग मारला.

जॉर्जनं सायलेन्सर पाहिला आणि हातच जोडले. "माफ करा चाचा. तुमच्यावर संशय घेतला."

"चालायचंच," सायलेन्सर त्याच्या हातात देत मामू म्हणाले.

त्या संध्याकाळी जॉर्जचा फोन आला. आज आवाज आला नाही म्हणे. मामूंना हायसं वाटलं. त्यांनी फोन ठेवला...

फट्... फट्... ठसका.

थेट दुकानाच्या दारात. मग आवाज थांबला. खट्ट... स्टँड लागला.

दारात कुणी नव्हतं.

हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. "जॉर्जला सांगून मोकळे व्हा ना मामू," मी कितीदा म्हटलं. ऐकत नाहीत. हल्ली साडेपाचलाच शटर ओढून घरी जातात.

परवा मी त्यांच्या घरी चहा घेत होतो. सहा वाजले असतील.

बाहेर... खट्ट.

"कोण आलंय, बघा जरा," आतून मामी म्हणाल्या.

मामू उठले नाहीत.

मीही नाही.