ताईच्या मापाची जीन्स

जीन्सच्या बाबतीत धाकटीला कोणी फसवू शकत नसे. कपडे बेतून देण्याच्या दुकानात तिची अकरा वर्षं गेली होती. कोणाची जीन्स कमरेला सैल आहे आणि कोण उगाच पोट आत ओढून उभं आहे, हे तिला टेप न लावताच कळायचं. स्वतःसाठी मात्र ती ऑनलाइनच घ्यायची. घरच्या जुन्या टॅबसमोर उभं राहून एक गिरकी घेतली, की पडद्यावर आपली आकृती तयार व्हायची. मग हवी ती जीन्स तिच्यावर चढवून बघायची.

टॅबमध्ये दोन आकृत्या होत्या. एक तिची, कंबर अठ्ठावीस. दुसरी ताईची, कंबर चौतीस. एकीची जीन्स दुसरीला जन्मात झाली नव्हती. ताई अंगाने भरलेली आणि धाकटी काडी पैलवान.

ताई दीड वर्षापूर्वी संध्याकाळी कामावरून निघाली आणि घरी पोहोचलीच नाही. पोलिसांनी हात टेकले, नातेवाइकांनी विषय काढणं सोडलं. आईचं हसणं त्या दिवसापासून बंद झालं. धाकटीने मात्र शोध सोडला नव्हता. ताईला घरी आणायचंच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या रविवारी जीन्स बघताना तिचं बोट चुकून ताईच्या आकृतीवर पडलं. खाली लिहिलं होतं : कंबर साडेएकतीस. माप घेतलं : काल, दुपारी चार.

तिने कंपनीला फोन लावला.

"समोर उभं राहिल्याशिवाय माप बदलत नाही, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याच टॅबवर घेतलंय. गेले पाच दिवस, रोज."

टॅब बहिणींच्या खोलीत, फळीवर असायचा. दुपारी चारला धाकटी दुकानात असे आणि आई झोपलेली. आईला तर तो सुरूही करता येत नसे.

दुसरी एखादी घाबरून टॅब फोडून मोकळी झाली असती. धाकटी बराच वेळ रडली, मग तोंड धुऊन आली आणि ताईसाठी जीन्स मागवली. ताई येते आहे, तर तिच्या अंगाला नीट बसेल असं काहीतरी घरात हवं, एवढंच तिला कळत होतं.

कंबर रोज अर्ध्या इंचाने उतरत होती. एकतीस. साडेतीस. जीन्स आली तेव्हा एकोणतीस. शनिवारी कंबर किती उरेल त्याचा हिशोब धरून धाकटीने ती दुकानात उसवली, मागची शिवण आत घेतली, कमरेची पट्टी पुन्हा बसवली.

मालकीणबाईंनी जीन्स हातात धरून पाहिली. "ही तर तुझ्याच मापाची झाली गं."

"ताईची आहे," धाकटी म्हणाली आणि दोरा तोडला.

शनिवारी तिने सुट्टी घेतली. आई पलीकडे झोपली होती. धाकटीने खोलीतल्या खुर्चीवर जीन्स ठेवली आणि स्वतः फळीखाली, भिंतीला पाठ लावून बसली. तिथे कॅमेरा पोहोचत नव्हता. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

चारला वर टॅब उजळला.

"समोर उभ्या राहा," त्यातला आवाज म्हणाला. "हात अंगापासून थोडे दूर."

खोलीत कोणी नव्हतं.

"सावकाश वळा."

फरशीवर अनवाणी पाय घासल्यासारखं वाजलं. धाकटीने पाय जवळ ओढून घेतले. ती उठली नाही.

"छान. माप घेतलं."

ती उभी राहिली. पडद्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी होत्या. अठ्ठावीस. अठ्ठावीस. खांदे, मांड्या, उंचीसुद्धा तीच. खाली प्रश्न होता : दोन्ही मापं एकसारखी आहेत. एकच ठेवता येईल. कोणतं ठेवायचं?

तिने क्षणभरही विचार केला नाही. 'ताई'वर बोट टेकवलं.

तिची स्वतःची आकृती पुसली गेली.

मागे खुर्ची करकरली. वळून पाहिलं तर जीन्स तिथे नव्हती.

"ताई, चहा गार होतोय गं," स्वयंपाकघरातून आईची हाक आली; ती कधी उठली होती, कळलंच नाही. रोज हाक मारावी, तितकी साधी.

"आले," खोलीतून उत्तर गेलं. धाकटीने तोंडही उघडलं नव्हतं.

ती धावत स्वयंपाकघराच्या दारात गेली. "आई, ऐकलंस? ताई आली!"

आईने मान वर केली. धाकटीच्या खांद्यामागे बघून ती हसली, दीड वर्षात पहिल्यांदा.

"बस," ती म्हणाली. "आपल्या दोघींपुरताच टाकलाय."