दुसरा वापरकर्ता

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा तारमास्तर काकूंच्या दारात आला. माणूस कॉम्प्युटर दुरुस्तीचा, पण खांद्यावर कायम तारांची भेंडोळी, म्हणून गल्लीनं त्याला हे नाव दिलं होतं. काम ऐकून तो हसलाच. माडीवर काकांचं जुनं लिनक्सचं यंत्र, खाली काकूंचा विंडोजचा लॅपटॉप, आणि वरची फाइल खाली येत नव्हती. काकूंनी चहा पुढे केला. चहा निवायच्या आत काम होईल, म्हणत तारमास्तरानं कप तसाच ठेवला.

फाइल एकच होती. काका गेले तेव्हा लेकीला दिवस गेले होते. होणाऱ्या बाळासाठी त्यांनी एक अंगाई गाऊन ठेवली होती. नात आता दुडुदुडु चालायला लागली, पण आजोबांचा आवाज काही तिच्या कानी पडला नव्हता. त्यात वरच्या यंत्राचा पडदा मेलेला, आणि आतली डिस्क टक... टक... करायला लागलेली.

तारमास्तर माडीवर गेला. खोली कधीची बंद होती, तरी काकांच्या तपकिरीचा वास ताजा होता. टेबलावर काकांचा माइक पडला होता, त्याच्या तारेचे उंदरानं कुरतडून दोन तुकडे केलेले. खालच्या राउटरपासून ओढत आणलेली नवी तार त्यानं यंत्राला जोडली आणि डिस्कला कान लावला. हे बंद केलं तर पुन्हा उठायचं नाही, हे त्यानं ओळखलं. दुसरा पडदा आणायला जाण्याइतकाही वेळ नव्हता.

खाली येऊन तो काकूंना धीर देत म्हणाला, "लिनक्स आणि विंडोज म्हणजे दोघी जावा, काकू. एका छपराखाली राहतात, पण चुली वेगळ्या. मधला निरोप्या नीट असला की झालं."

लॅपटॉप घरच्याच नेटवर्कला परकं समजून दार लावून बसला होता. तारमास्तरानं ते घरचं आहे असं त्याला सांगितलं, तसा वरचा फोल्डर दिसला. पण तो नाव आणि पासवर्ड मागू लागला. पासवर्ड काकूंना पाठ होता, लेकीचं लाडाचं नाव. अडलं ते वापरकर्त्याच्या नावावर. काकांचं नाव घालून झालं, आडनाव घालून झालं. यंत्र दाद देईना. शेवटी त्यानं विचारलं, घरात त्यांना काय म्हणायचे?

"मी कुठली नाव घ्यायला? मी आपलं 'अहो' म्हणायचे," काकू हसल्या. "ते म्हणायचे, तुझ्या हाकेशिवाय मी कशालाच ओ देत नाही."

तारमास्तरानं 'अहो' लिहिलं. फोल्डर उघडला. आत अंगाई होती. त्यानं ती उचलायला घेतली, तर पडद्यावर अक्षरं आली. ही फाइल दुसऱ्या वापरकर्त्याने उघडली आहे.

असं होतं कधीकधी, तो म्हणाला. आपलंच मघाचं काहीतरी अडकून राहिलं असेल. त्यानं लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच अक्षरं. राउटरवर दोनच दिवे लुकलुकत होते, एक लॅपटॉपचा, एक माडीवरचा. तिसरं कुणी जोडलेलंच नव्हतं.

"दुसरा कोण रे?" काकूंनी हळूच विचारलं.

तारमास्तर राउटरचे दिवे पुन्हा मोजू लागला. वरची टकटक आता खालीही ऐकू येत होती. तिच्यात खंड पडू लागला होता. टक... टक...... टक.

काकू उठल्या, जिन्याच्या पायथ्याशी गेल्या. रोज जेवायला हाक मारावी तितक्याच सहज म्हणाल्या, "अहो, सोडा आता ती... नातीला ऐकू दे."

टकटक थांबली. वर खुर्ची करकरली, की तसा भास झाला. आणि लॅपटॉपवर फाइल सरसर उतरून आली. ती पुरी उतरली तसा राउटरवरचा माडीचा दिवा विझला.

तारमास्तरानं सुटकेचा निःश्वास टाकला. डिस्क गेली, पण तुमचं काम झालं बघा, म्हणाला आणि अंगाई लावली. काकांचा आवाज जरा घोगरा, सुरापेक्षा मायाच जास्त. काकू पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. अंगाई संपली, तरी फाइल चालूच राहिली. नुसती खरखर. मग जिन्याखालून यावी तशी, लांबून एका बाईची हाक आली.

"अहो, सोडा आता ती... नातीला ऐकू दे."

काकूंचा हात पदरातच थांबला. तारमास्तरानं माडीकडे पाहिलं. कुरतडलेला माइक त्याच्या डोळ्यांपुढे आला.

मग अगदी जवळून, माइकला ओठ लावावेत तसा, काकांचा आवाज आला.

"सोडली गं... मास्तरांचा चहा निवला बघ."

तारमास्तरानं कपाला हात लावला. कप गार पडला होता. आणि त्याच्या काठावर तपकिरीचा एक ओला ठसा होता, बोटाएवढा.