अडुळशाला आवतण

दुधी कडू निघाला, ही काही पृथ्वीवर बातमी झाली नसती. तो केराच्या डब्यात गेला असता आणि भाजीवाल्याला दुसऱ्या दिवशी दोन शब्द ऐकावे लागले असते. पाताळवाडीत भाजीवाला नव्हता. तिथला दुधी डॉ. हेमलता वळवी पिकवत असे, आणि तो खाऊन चार माणसं कालपासून दवाखान्यात उलट्या करत पडली होती.

पाताळवाडी हे राहणाऱ्यांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ते 'चांद्र अधिवास तीन'. पण चंद्राच्या पोटात, लाव्हारसानं कधीकाळी कोरलेल्या बोगद्याची दोन्ही टोकं बुजवून दोनशे माणसं राहायला लागली, म्हटल्यावर असं नाव कुणालातरी सुचणारच होतं.

प्रयोगशाळेत हेमलतानं काकडीची एक चकती कापली आणि प्रशासक यशोधन बिवलकरांपुढे सरकवली. त्यांनी ती तोंडात टाकली, चावली, आणि थुंकायला जागा न दिसल्यामुळे रुमाल काढला.

"काकडीसुद्धा?"

"काकडी, दुधी, दोडका. टोमॅटो अजून बरे आहेत, पण नवी फुलं धरत नाहीत."

"कसला रोग?"

"रोग असता तर परवडलं असतं. झाडं ठणठणीत आहेत, सर. फक्त घाबरलीत." तिला स्वतःचाच शब्द आवडला नाही. "घाबरलीत म्हणजे, सावध झालीत."

दाराशी डॉ. नसरीन मुजावर हाताची घडी घालून उभी होती. दवाखाना तिचा, आणि त्या चार पेशंटांचा जाब विचारायलाच ती आली होती. "जरा आम्हाला कळेल असं सांग," ती म्हणाली.

"हा कडूपणा झाड स्वतःसाठी बनवतं. अळीनं पान कुरतडलं की जखमेतून एक वायू सुटतो. मी त्याला इशारागंध म्हणते. तो आजूबाजूच्या झाडांपर्यंत पोचतो, आणि अळी यायच्या आधीच ती आपल्या पानांत, फळांत विष भरून ठेवतात. अडुळशातलं, गुळवेलीतलं औषध म्हणजे तरी काय? झाडाचं हत्यारच ते. थोड्या मापात आपल्या कामी येतं, इतकंच."

"पण इथे अळी कुठून येणार?" बिवलकर म्हणाले. "बियाणंसुद्धा आपण निर्जंतुक करून आणलं."

"नाहीच आहे अळी. तरी कुणीतरी पानं खुडतंय, रोज आणि पुष्कळ. खाली हा वास वाऱ्यावर विरून जातो. इथे तीच हवा आपण वर्षानुवर्षं फिरवतोय. आपल्या गाळण्या धूळ पकडतात, हा वास त्यांना सापडत नाही."

"मग शेताची हवा वेगळी करा."

"सर, शेतच तर आपल्याला हवा पुरवतं. ते वेगळं काढलं तर आपण श्वास कशाचा घ्यायचा?"

बिवलकरांनी रुमालाची नीट घडी केली. नसरीन मात्र विचारात पडली होती. "घरोघर कुंड्या आहेत," ती म्हणाली. "तुळस, गवती चहा, अडुळसा. माणसांना घरची आठवण येते म्हणून आपणच दिल्यात."

"त्यांची चार पानं खुडून एवढं होतं?"

"चार नसतील. सर, वर्षभरात माझ्याकडे खोकल्याचा एकही पेशंट आलेला नाही."

"चांगलंच आहे की."

"दोनशेतली बहुतेक माणसं दिवसभर दगड फोडतात. त्या धुळीत एकालाही खोकला होत नाही?"

नियम तिघांनाही पाठ होता. हवा सगळ्यांची एक, म्हणून ज्याची छाती बिघडली त्याची रवानगी पुढच्या यानानं पृथ्वीवर. एकदा खाली गेलेल्याला पुन्हा वर पाठवत नसत. नव्या माणसांना त्याचं फारसं काही नव्हतं. पण दहा-बारा वर्षं चंद्रावर काढलेल्याचं हृदय इथल्या हलक्या वजनाला सोकावलेलं असे. पृथ्वीवर पोचल्यावर ते सहापट ओझं त्याला पेलत नसे. मागच्या खेपेला गेलेल्या तिघा जुन्या कामगारांपैकी दोघं महिन्याच्या आत वारले. तेव्हापासून पाताळवाडीत कुणी खोकत नव्हतं.

हेमलताला मात्र वेगळंच काही आठवलं. तिचं माहेर सातपुड्यातलं. तिकडे औषधाचं झाड दिसलं की ओरबाडलं, असं करत नाहीत. आदल्या संध्याकाळी जाऊन त्याला आवतण देतात. बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे, शेंडा नखानं हलकेच खुडायचा आणि सांगायचं, उद्या येते, अमक्याच्या अमक्या दुखण्यासाठी येते. सकाळी जाऊन पान काढायचं. मागच्या सुगीच्या जेवणाला तिनं हे सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं, वर प्रयोगाचा दाखलाही दिला होता. नखाच्या त्या खुणेनं झाड रातोरात सावध होतं आणि सकाळी पानातलं औषध चौपट भरतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या कसल्या होत्या, ते तिला आज कळलं.

"कुठल्या घरातून वास येतो ते मोजता येईल?" बिवलकरांनी विचारलं.

"गंधवेधी आहे माझ्याकडे. येईल."

"मग मला नावं द्या. उद्या दुधी खाऊन कुणी दगावलं तर उत्तर मला द्यायचंय." बिवलकर वाईट नव्हते. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असली म्हणजे त्यांना बरं वाटे, आणि माणसंही त्यातच आली.

दुपारी ती गंधवेधी घेऊन निघाली. टॉर्चएवढं ते यंत्र दारात धरलं की आकडा दाखवी. लोकांनी तिला घरात बोलावलं, बसा म्हटलं, चहा विचारला. एक बाई बोलता बोलता सरकत सरकत कुंडीच्या पुढे येऊन उभी राहिली आणि शेताबद्दल नको इतक्या आस्थेनं विचारू लागली. जवळजवळ प्रत्येक दारात आकडा चढत होता. हेमलताला यंत्राकडे बघवेना, आणि माणसांकडेही.

शेवटचं घर तिचं स्वतःचं. खरं तर ते मोजायची गरज नाही, असं तिला वाटलं होतं. ती आत आली आणि आकडा चढला.

तिच्या नवऱ्याची, दिगंबरची, पाळी संपली होती. बोगदा खोदायचं यंत्र तो चालवत असे. बारा वर्षं झाली त्याला इथे येऊन. हेमलता चार वर्षांपूर्वी त्याच्यासाठी आली. तो पलंगावर बसून तिच्या हातातल्या यंत्राकडे बघत राहिला, उठला नाही. दिव्याखाली अडुळशाची कुंडी होती. शेंड्याशेंड्यावर नखाची कोर उमटलेली. बुंध्याशी तांदळाचे दाणे होते. तिनं सांगितलं होतं अगदी तसं, साग्रसंगीत.

"कधीपासून?"

"तू शेतावर गेलीस की घेतो काढा. बरं वाटतं."

"कधीपासून विचारतेय मी."

"दिवाळीच्या आधीपासून."

ती खाली बसली. "आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं. तुला ते जमत नाही, हेमा. तुझ्या तोंडावर दिसतं सगळं."

मग तो खोकला. आता दाबायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि खोकला थांबता थांबेना. इतके महिने शेजारी झोपणाऱ्या माणसानं हा आवाज छातीत कोंडून ठेवला होता, या विचारानं तिला राग आला आणि रडूही आलं. तिनं त्याची पाठ चोळली.

"माझं नाव देणार?" तो म्हणाला.

"नाही."

"बाकीच्यांची?"

"कुणाचंच नाही देणार."

दुसऱ्या दिवशी तिनं बिवलकरांपुढे तोडगा ठेवला. नावांची गरजच नाही. सगळ्या घरांतल्या कुंड्या उचलून एका हवाबंद कोठारात ठेवायच्या. शेताला वास आला नाही की महिन्याभरात दुधी गोड. बिवलकरांना ते सुटसुटीत वाटलं. नसरीनशी तिनं आधीच बोलून ठेवलं होतं. कोठारातल्या अडुळशाचा काढा दवाखान्यातून द्यायचा, 'कोरड्या घशासाठी' म्हणून, आणि कुणाला काही विचारायचं नाही. कुणाचं औषध तुटणार नव्हतं, कुणी खाली जाणार नव्हतं. हेमलताला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

अडचण एकच होती, आणि ती तिच्या ध्यानात आली नाही. पाताळवाडीत कुणाला खोकलाच नव्हता. त्यामुळे खोकल्याचं औषध चालू राहील, हे जाहीरपणे सांगायची सोय नव्हती. दुपारी घोषणा झाली ती एवढीच, की उद्या सकाळी प्रत्येकानं आपल्या कुंड्या जमा कराव्यात.

संध्याकाळी दिवे मंद झाले. दिगंबर पडून होता. हेमलता अडुळशापुढे उभी राहिली. कोठार लागून पहिला काढा मिळेपर्यंत आठवडा तरी जाणार होता. तेवढ्या दिवसांची बेगमी करायला हवी होती. एका कुंडीनं कितीसा वास सुटतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं मनातल्या मनात हिशेबही केला आणि तो बरोबर होता. एका घरानं काही बिघडत नाही. तिनं बुंध्याशी चार तांदूळ ठेवले. एकही शेंडा न सोडता सगळं झाड नखानं खुडलं.

"उद्या येते," ती हळूच म्हणाली. "दिगंबरच्या खोकल्यासाठी येते."

सकाळी भोंग्यानं जाग आली. हवेतला कर्बवायू वाढत होता. ती शेतावर धावली. दिवे लखलखत होते, वेल हिरवेगार होते, पाणी व्यवस्थित ठिबकत होतं. तिनं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि मग आणखी दहा पाहिली. पर्णरंध्रं घट्ट मिटलेली होती. संकटाची चाहूल फारच मोठी असेल तर झाड तोंडच मिटून घेतं. मग ते कर्बवायू आत घेत नाही आणि प्राणवायू बाहेर सोडत नाही.

बिवलकर धापा टाकत आले. "झालं काय?"

"काल संध्याकाळी लोकांनी कुंड्या खुडल्या. जाण्याआधी होतं नव्हतं ते सगळं."

"किती घरांनी?"

गंधवेधीचा आकडा मोजपट्टीच्या टोकाला जाऊन अडकला होता. "सगळ्यांनी," ती म्हणाली. "माझंही घर धरून."

ते तिला बोलतील असं तिला वाटलं. ते वाफ्याच्या कडेवर टेकले. "आमचंही," असं म्हणून त्यांनी रुमाल तोंडाला लावला. या वेळी काकडीसाठी नव्हे.

बाहेर बोगद्यात खोकल्याचे आवाज येऊ लागले होते. हवा जड झाली तशी छातीत कोंडलेलं कुणाला आवरेना. एक खोकला ऐकून दुसऱ्याला धीर आला असावा. कोण कोण आजारी आहे हे शोधायला आता कुठलंच यंत्र लागत नव्हतं. नसरीननं ध्वनिक्षेपकावरून बजावलं, की आजचं पान फार कडक आहे, मूठभर नको, एकच पान उकळा, नाहीतर दवाखान्यात याल. त्या हिशेबानं पाताळवाडीत वर्षभर पुरेल इतकं औषध एका रात्रीत तयार झालं होतं. श्वास तेवढा पुरणार नव्हता.

"झाडं कधी निवळतील?" बिवलकरांनी विचारलं. तिघं दवाखान्यात बसली होती.

"महिनाभर कुणी पानाला हात लावला नाही तर."

"तुम्हाला काय काय लागेल त्यासाठी? माणसं, सामान?"

"काही नाही. शेतात शिरायचंसुद्धा नाही. पाणी यंत्र देतं. फक्त त्यांना सोडून द्यायचं."

"राखीव प्राणवायू निम्म्या लोकांना महिनाभर पुरेल," बिवलकर म्हणाले. "वर परतीचं यान उभं आहे, दाटीवाटीनं शंभरजण मावतील. नियमाप्रमाणे आजारी माणसं आधी."

"ती सगळी जुनी माणसं आहेत, सर," नसरीन म्हणाली. "एकेकाला पाठवत होतो तोवर आपल्याला त्याला नियम म्हणता येत होतं. शंभर जणांना एकदम पाठवायचं तर त्याला काय म्हणणार?"

बिवलकरांनी रुमाल खिशात ठेवला. "मग जाणार कोण?"

"ज्यांचं हृदय तिथलं वजन पेलेल ते. पाच वर्षांच्या आत आलेले. धडधाकट."

हेमलताला कळायला क्षणभर लागला. "माझं शेत," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. शेताला माणूस लागत नाही, हे तिनंच आत्ता सांगितलं होतं.

यानाच्या फाटकाशी दिगंबर तिला सोडायला आला. तिची पिशवी त्यानंच धरली होती. आजूबाजूला नवी, तरुण, निरोगी माणसं रडत होती आणि त्यांना निरोप देणारी जुनी माणसं खोकत होती.

"एकाच पानाचा काढा घे," ती म्हणाली. "काढून ठेवलीत ती पुरतील. झाडाला हात लावू नकोस."

"नाही लावणार."

"आणि खोकला आला तर खोक. आता कुणी काही म्हणणार नाही."

"माझ्यामुळे झालं ना सगळं?" तो म्हणाला.

तिनं नाही म्हणून मान हलवली. तुला इथे ठेवण्यासाठी मी नखानं एक झाड खुडलं आणि तू इथे राहिलास, असं तिला सांगायचं होतं. पण तेवढ्यात रांग पुढे सरकली. त्यानं पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, पट्टा नीट केला, आणि पुन्हा एकदा नीट केला.

घरातून निघताना रोज म्हणायची तशीच सवयीनं ती "येते" म्हणाली. फाटक बंद होईपर्यंत त्याचा खोकला तिला ऐकू येत होता.