मर्जी राखणारी खोली

"चहा घेणार का, हेमलताबाई?" खोलीनं विचारलं.

मिरजेहून बसनं आलेल्या हेमलताबाई खराडे यांचं डोकं ठणकत होतं, घसा कोरडा पडला होता आणि आलं घातलेल्या चहासाठी जीव नुसता कासावीस झाला होता. अर्थातच त्या म्हणाल्या, "नको, नको. कशाला उगीच!"

"ठीक आहे," खोली गोड आवाजात म्हणाली, आणि भिंतीतून अर्धा बाहेर आलेला ट्रे आल्या वाटेनं परत गेला. बाई बघतच राहिल्या. आता पुन्हा विचारतील म्हणून थोडा वेळ सावरून बसल्या. कुणी विचारलं नाही.

पुण्यातल्या त्या बड्या हॉटेलात खोल्यांना आता वेटर लागत नसत. 'मर्जी' नावाची यंत्रणा पाहुण्याचं बोलणं ऐके, गादीतूनच नाडी मोजे, श्वासावरून थकवा ओळखे आणि हवं ते हजर करी. ती घडवणाऱ्यांत हेमलताबाईंची लेक केतकी होती. आईला इथं उतरवण्यात तिचा एक हेतू होता. सांगलीला ज्येष्ठांसाठी नवं संकुल होत होतं, तिथल्या घराघरात मर्जी बसणार होती, आणि त्यातलं एक घर केतकीनं आईसाठी बघून ठेवलं होतं. इथला मुक्काम आईला मानवला की ते पक्कं करायचं, असं तिनं ठरवलं होतं.

हेमलताबाईंना ते घर नको होतं. त्यांना लेकीकडे राहायचं होतं. नवरा गेल्यापासून मिरजेचं घर त्यांना खायला उठे. तेव्हा केतकीनं विचारलंही होतं, "आई, येतेस आमच्याकडे?" बाई म्हणाल्या होत्या, "नको गं, तुमच्या संसारात माझी अडचण कशाला?" आणि केतकीनं, गुणी पोरीसारखं, ते ऐकलं होतं.

संध्याकाळी खोलीनं विचारलं, "हवा जास्त थंड वाटते का?"

"चालेल, चालेल," बाई शाल ओढून घेत म्हणाल्या. मग काय, खोलीनं गारठा तसाच ठेवला.

"जेवायला काय आणू?"

"काही नको. पोट भरलंय."

मिरजेत असं म्हटल्यावर ताट पुढ्यात आलंच असतं. इथं भिंतीवर झळकणारी पदार्थांची चित्रं विझली. आता आपण होऊन मागायचं? पाहुण्यानं? त्यापेक्षा उपास बरा. केतकीसाठी आणलेल्या शंकरपाळ्यांवर बाईंनी रात्र काढली, आणि एवढ्या झगमगाटात आपण किती एकट्या आहोत या विचारानं थोडं रडूनही घेतलं.

सकाळी केतकी उत्साहानं आत आली. "आई, मर्जी म्हणतेय मुक्काम झकास झाला! एकसुद्धा तक्रार नाही!" मग तिनं आईचा स्वेटर पाहिला, शाल पाहिली, हात हातात घेतले. "अगं, केवढी गारठलीयेस! हे काय?"

"तुझ्या राजवाड्यात घोटभर चहा मिळाला नाही मला."

"का? विचारलं नाही तिनं?"

"विचारलं की. एकदाच!"

केतकी खो खो हसली. आईचा चेहरा पाहून थांबली. "आई, पूर्वी ती पुन्हा पुन्हा विचारायची. मधुमेह असलेल्यांना गुलाबजामचा आग्रह करायची. लोक भडकले. म्हणून आम्ही नियम घातला. शरीर काहीही सांगो, तोंडून 'नको' आलं की विषय संपला. माणसाला नको म्हणायचा हक्क आहे की नाही?"

"आहे ना! पण तुझी आत्या आली की पोह्यांना नको म्हणायची. मी काय तिला उपाशी धाडायचे? कुठलं नको खरं नि कुठलं वरवरचं, ते माणसाच्या तोंडाकडे बघितलं की कळतं, बाई."

"ते यंत्राला शिकवायचं म्हणजे..." केतकी आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचा स्वतःचाच चेहरा उतरला.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मीही तुला एकदाच विचारलं होतं."

हेमलताबाईंनी मान खिडकीकडे वळवली. डोळे भरून आले होते.

"आमच्याकडे राहायला ये ना."

"नको गं, कशाला उगीच..."

मेली सवय! तोंडातून निघूनसुद्धा गेलं. आता ही बरं म्हणेल, उठेल, सांगलीला फोन लावेल. शब्द परत घ्यावा तर ओठ हलेनात.

केतकी उठली नाही. तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली, आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि तिचे डोळे पुसत विचारलं, "ते ऐकलं मी. आता एवढंच सांग, तुझं सामान आणायला शनिवारी येऊ की रविवारी?"