यादीतली पाचवी बाई

त्या मंगळवारी बिल्किस रत्नागिरीला गेली ती एक अर्ज द्यायला. पिशवीत अर्ज, पाण्याची बाटली आणि घरची चार घावनं. सरकारी कचेरीत माणसाला उपाशी बसवून ठेवतात, हे ग्रामपंचायतीची सदस्य झाल्यापासून तिला पक्कं ठाऊक झालं होतं. शाळा चौथीपर्यंतची, पण तोंड वकिलाचं.

अर्ज होता सुरंगीच्या वळणाचा. आरे-वारेच्या पुढे समुद्राच्या कडेने येणारा रस्ता तिच्या गावात शिरण्याआधी सुरंगीच्या एका जुन्या झाडाला वळसा घालतो. एका अंगाला जांभ्याची दरड, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. समोरची गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तीन वर्षांत चार माणसं तिथे अपघातात गेली होती. आणि बिल्किसची एकुलती एक आलिया रोज स्कूटीवरून तेच वळण घेऊन कॉलेजला जायची. बाप नझीर कतारला. पोरगी घरी येईपर्यंत बिल्किसचा एक कान रस्त्याकडे असायचा.

बांधकाम कचेरीतला यज्ञेश नावाचा तरुण इंजिनिअर चांगला होता. त्याने अर्ज वाचला, जोडलेला नकाशा पाहिला, आणि मान हलवली.

"भाभी, आरसा, गतिरोधक, कठडा, सगळं होईल. पण या योजनेत बसायला तीन वर्षांत पाच मृत्यू लागतात. तुमचे चार आहेत."

"म्हणजे आणखी एक मरायला हवं?"

"मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंत? मला नीट सांगा. मी चौथी पास आहे."

यज्ञेशने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एखादी नोंद राहून गेली असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला चालेल. पण मार्च संपायच्या आत. नाहीतर निधी परत जातो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बिल्किस ग्रामपंचायतीत बसली आणि वळणावर मेलेल्यांच्या यादीची पाचवी ओळ तिने स्वतःच्या हाताने भरली. कुणाचं नाव घालायचं? ज्याचं घालावं त्याचं घर रडत येईल. म्हणून तिने लिहिलं, 'अनोळखी बाई.' वय? तिला स्वतःचंच आठवलं, पंचेचाळीस. कपडे? तिची हिरवी ओढणी खुर्चीवर पडली होती. तीच लिहिली. मग थोडा विचार करून तिने पुढे लिहिलं, 'पायात एकच चप्पल, उजवी.' कारण अपघात झाला की रस्त्यावर एक चप्पल उरतेच. त्या वळणावर तिने चारही वेळा ती पाहिली होती.

तारखेची जागा तिने रिकामी सोडली.

ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई धोंडू शिक्का घेऊन उभा होता. शिक्का काही उठेना.

"भाभी, नसलेल्या मान्साचं मरण लिवू नये. मेलेल्याला लाकडं मिळतात, नायतर माती मिळते. हिला काय मिळणार?"

"हिला गतिरोधक मिळणार. मार शिक्का."

धोंडूने शिक्का मारला आणि हात धोतराला पुसला.

काम मंजूर झालं. फेब्रुवारीत आधी आरसा आला. मोठा, गोल, पोट पुढे आलेला. वळणाच्या टोकाला खांबावर चढवला. त्यात दोन्हीकडचा रस्ता दिसायचा, सुरंगी दिसायची, समुद्राची पट्टी दिसायची. गाव खूश. बिल्किसने नारळ फोडायला लावला आणि कातळावर बसून खोबरं खाल्लं.

आठ दिवसांनी आलिया घरी आली ती हसतच.

"अम्मी, उन्हात वळणावर काय करत होतीस गो?"

"मी? मी सकाळपासून कुळीथ निवडत्येय."

"आरशात दिसलीस. पाठमोरी. हिरवी ओढणी. मी वळले तर तू नाहीस."

बिल्किसच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "उन्हाने डोळे दिपले तुझे. हळू चालव जरा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऐन बारा वाजता ती एकटी वळणावर गेली. वारा पडलेला. सुरंगी फुलली होती, आणि तिचा तो दाट, गोड वास उन्हात हलत नव्हता. तिने मान वर केली. आरशात रस्ता, झाड, समुद्र… आणि झाडाखाली एक बाई. पाठमोरी. एक पाय अनवाणी.

बिल्किसने झाडाखाली पाहिलं. कुणी नाही. आरशात पाहिलं. आहे.

"कोण गो तू?" ती ओरडली. "तोंड दाखव!"

बाई हलली नाही. ती वाट बघणाऱ्या माणसासारखी उभी होती… एसटी उशिरा आहे, पण येणार हे माहीत असलेल्या माणसासारखी.

घरी येऊन बिल्किसने हिरवी ओढणी खुंटीवर टांगली ती पुन्हा अंगावर घेतली नाही.

वीस मार्चला यज्ञेश कामाच्या कागदावर तिची सही घ्यायला गावात आला. "उद्या डांबर पडणार, भाभी. गतिरोधक झाला की तुम्ही सुटलात." तिने कागद उलटला. मागे तीच यादी जोडलेली. पाचव्या ओळीत तारीख होती. वर्ष नाही, नुसतं 'एकवीस मार्च.'

"ही कुणी भरली?"

"तुमचंच अक्षर आहे ना?" यज्ञेश म्हणाला. "मला वाटलं गेल्या वर्षीची."

अक्षर तिचंच होतं. शाळेत बाईंनी पट्टी मारूनही न सुधारलेला तो वाकडा 'च'.

एकवीस तारखेला घरी थांब, म्हणून तिने आलियाला आदल्या रात्रीच बजावलं. पण पहाटे जरा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा स्कूटी नव्हती. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'प्रॅक्टिकल आहे. चारला येते.' बिल्किसने खुंटीकडे पाहिलं. खुंटीवरची हिरवी ओढणी नव्हती.

ती वळणावर साडेतीनलाच जाऊन उभी राहिली. मजूर गरम डांबराची खडी रस्त्यावर आडवी पसरत होते. धूर, डांबराचा उग्र वास, आणि त्याच्याखाली सुरंगीचा. आरशाकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

चारला स्कूटी आली. आलियाच्या गळ्यात ओढणी.

"उतर! उतर खाली!"

"अम्मी, सगळे बघतायत…"

बिल्किसने तिला हाताला धरून दरडीकडे ढकललं, ओढणी खेचून काढली आणि स्वतःच्या अंगावर घेतली. रस्त्याच्या मधोमध आली. "लिहिलं मी," ती आरशाकडे तोंड करून म्हणाली, "घ्यायचं तर मला घे. पोरीला नाही."

पाय उचलायला गेली तर डावी चप्पल डांबरात रुतली. पाय सुटून बाहेर आला. अनवाणी.

आणि आरशातल्या बाईने तोंड फिरवलं.

पंचेचाळीस वर्षं बिल्किस ते तोंड घेऊनच वावरत होती.

त्याच क्षणी चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणातून आला. ब्रेक किंचाळले. चिरे खडखडले. मजूर पळाले, आलिया ओरडली… आणि ट्रक गरम डांबराच्या त्या उंचवट्यावर आदळून थांबला. बिल्किसच्या छातीपासून वीतभर.

ड्रायव्हर खाली उतरला. बिल्किसकडे न बघता तो आधी चाकांखाली वाकला.

"दुसरी कुठे आहे?"

"कोण दुसरी?" बिल्किसने विचारलं.

"तुमच्या पुढ्यात आली ना… दोन्ही हात पसरून. चाकाखाली गेली ती. मला कळलं, बाई. मला स्टिअरिंगवरच्या हाताला कळलं…"

चाकांखाली काही नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता.

सकाळी डांबर थंड झालं तेव्हा धोंडूने तिला बोलावून दाखवलं. गतिरोधकात दोन चपला घट्ट बसलेल्या. दोन्ही डाव्या. बिल्किसने आपल्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून स्वतः लाल दोऱ्याने शिवला होता. दोन्हींना लाल दोरा होता, तेच सहा टाके.

"चल," ती आलियाला म्हणाली. "कचेरीत जाऊन ती ओळ खोडायचीय. आत्ताच्या आत्ता."

ती स्कूटीवर मागे बसली. वळण आलं. आलियाने वेग कमी केला, गतिरोधकावरून गाडी हळूच वर चढली, आणि दोघींनी सवयीने आरशात पाहिलं.

आरशात सुरंगी होती. समुद्र होता. स्कूटी होती, आलिया होती. आलियाच्या मागची सीट रिकामी होती.

समोर बघत बघत आलियाने डावा हात हळूच मागे नेला, अम्मीचा गुडघा चाचपायला.

"अम्मी… बसल्येस ना?"