उजव्या शॉकअपचं तेल

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले.

आमच्या ढाब्यामागच्या कोंबड्यांच्या खोपटाखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत चांगले बूट, वर मोजेसुद्धा. बाकीचा माणूस आत! आणि कोंबड्या तर अशा ओरडत होत्या, जणू मुंगूसच शिरलंय. वरणाची पळी हातातच होती, ती तशीच उगारून मी विचारलं,

"कोन होय रे? कोंबडी चोरून राहिला का?"

आतून आवाज आला, "नाई जी... शॉकअप पाहून राहिलो."

"कोंबडीचा?"

आधी हसू ऐकू आलं, मग तो सरपटत बाहेर निघाला. केसांत तणस, गालाला माती, आणि हातात एक अंडं. ते त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"हे आधी घ्या. माझ्या कोपराखाली आलं असतं."

अंडं कोमट होतं. मी ते घेतलं आणि पळी खाली केली.

त्याचं नाव अतुल. गोंदियातल्या एका दुकानातून तो राईस मिलवाल्यांना बेरिंग, पट्टे, ऑइल सील पोचवायचा. कोहमाऱ्याला आमच्या ढाब्यावर चहासाठी थांबला, हात धुवायला मागे आला आणि खोपटाखाली त्याला एक हँडल दिसलं.

"ही गाडी इथं काऊन आहे?" त्याने विचारलं.

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्यासाठी ती गाडी म्हणजे खोपटाचा टेकू. बाबा लहान असताना चौकाजवळ एक ट्रक उलटला होता, शर्यतीच्या मोटारसायकली घेऊन जाणारा. माझ्या आजोबांनी त्या माणसांना घरात ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं. जाताना त्यांनी सगळ्यात वाकलेली गाडी आजोबांना देऊन टाकली. आजोबांनी तिच्यावर कोंबड्या बसवल्या.

"ही रस्त्यावरची गाडी नोहे," अतुल म्हणाला. "मोटोक्रॉसची आहे. मातीवर उड्या मारायची. पुढचे शॉकअप पाहा, किती लांब आहेत... इतक्या उंचावरून पडते नं, सारा मार याच दोन नळ्या खातेत." बाजारात बैल पाहणारा माणूस फिरवतो तसा त्याने त्या गंजक्या नळीवरून हात फिरवला. "विकता का?"

"नाई."

हे मी का म्हणाले, देव जाणे. आदल्या दिवशी भंगारवाला आला असता तर मी ती उचलून दिली असती.

"मंग... दुरुस्त करू देता का?"

"आनि झाल्यावर?"

"तुमचीच."

"मंग तुमाले काय भेटन?"

तो खरंच विचारात पडला. मान वाकडी करून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले मालूम होईन," तो म्हणाला, "की हे चालत कसं होतं."

मी म्हटलं, "रविवारी या. कोंबड्या दुसरीकडे ठेवतो आमी."

तो रविवारी आला. मग प्रत्येक रविवारी आला. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि आमच्या मागच्या अंगणात ती गाडी तुकड्यातुकड्यांनी पसरत गेली. चाकं बाजेवर, टाकी भिंतीशी, इंजिन डिझेलच्या घमेल्यात बुडवलेलं. मी ढाब्यावरचं काम उरकून तिथे जाऊन बसायचे. आधी नुसतं बघायला, मग पाना धरायला, मग दोन आठवड्यांत बोटं काळी व्हायला लागली आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

"शॉकअपमध्ये असते तरी काय?" मी एकदा विचारलं.

"एक स्प्रिंग आनि तेल. स्प्रिंग धक्का घेते. पन एकटी स्प्रिंग असली तं गाडी नाचतच राहीन. तेल तिले म्हनते, हळू... हळू..."

'हळू' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

एक नळी वाकली होती. ती त्याने गोंदियाला नेऊन दाबयंत्रावर सरळ करून आणली. तेल अडवणारे नवे रबरी सील बसवले, तेल भरलं, पुढचं चाक लावलं. आम्ही दोघांनी हँडल धरून गाडी दाबली. ती खाली गेली आणि सावकाश वर आली, झोपेतून उठल्यासारखी. मी टाळ्याच वाजवल्या!

पुढच्या रविवारी उजव्या शॉकअपखाली तेलाचं थारोळं होतं.

नवं सील. पुन्हा तेल. पुन्हा थारोळं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"सीलच्या दुकानात काम करतोस, आनि एक सील बसवता येत नाई? मुद्दामच करून राहिला का?"

"मी?" त्याचे कान लाल झाले. "मले वाटलं, तूच... मी गेल्यावर..."

"मी कायले करीन?"

"मी तरी कायले करीन?"

गाडी दुरुस्त झाली की रविवारही संपणार होते. ते दोघांनाही माहीत होतं, पण तेल दोघांनीही काढलेलं नव्हतं. मग तेल गळत कुठून होतं?

आता मलाच चैन पडेना. भाकऱ्या थापताना, गिऱ्हाइकाला वाढताना डोक्यात तेच. डावा शॉकअप कोरडा, उजवाच का ओला? आठवड्याच्या मधेही आम्ही फोनवर त्यावरच बोलायचो. निदान सुरुवात तरी त्यावरून व्हायची.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी आभाळ भरून आलं. अतुलने उजवी नळी खोलून हातात घेतली होती आणि टपटप थेंब पडायला लागले. शेतातून आईची हाक आली, "टीनाऽऽ! पुंजने भिजले वो!"

कापलेल्या धानाचे पुंजणे उघडेच होते. वर्षभराचं पीक. मी ताडपत्री ओढत धावले, आणि वळून पाहते तर दुसरं टोक अतुलच्या हातात. वारा ताडपत्रीला उडवत होता, तो तिच्यावर आडवा पडून ती धरत होता. आई दगड आणत होती, मी दोऱ्या बांधत होते. बाबा ढाबा सोडून येईपर्यंत सगळं झाकून झालं होतं. आम्ही तिघं मात्र चिंब!

पत्र्याच्या छपराखाली येऊन बसलो. मी कुडकुडत होते. अतुलने नळी मांडीवर घेतली, तिच्यावरचं पाणी पुसायला काही सापडेना, म्हणून माझ्या ओढणीचं टोक पिळून घेतलं आणि नळीवरून फिरवलं.

ओढणी अडकली.

एकच धागा. त्याने ओढला, तर तो ताणला गेला. आम्ही दोघंही वाकलो, इतके की डोकी आपटली. नळीवर, तिळाच्या दाण्याहूनही बारीक, गंजाचा एक खड्डा होता. डोळ्याला दिसत नव्हता, बोटाला लागत नव्हता. पण शॉकअप खाली-वर झाला की तेवढाच खड्डा नवं सील कापत होता.

"हा होय चोर," अतुल कुजबुजला. माझी ओढणी त्याने अजून सोडली नव्हती. त्याच्या केसांतलं पाणी माझ्या मनगटावर पडलं... आणि मीही हात मागे घेतला नाही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ती खुशीत होती. त्याला कप देत तिने विचारलं, "बाबू, लई केलं तुमी आज. आडनाव काय म्हनलं तुमचं?"

"गजभिये."

"अच्छा," आई म्हणाली, आणि आत गेली.

एवढंच. पण आडनावावरून जात कळल्यावरच्या त्या 'अच्छा'चा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. अतुलने चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला. मग पाने, पक्कड, हातोडी, जे आजवर आमच्याच छपराखाली राहायचं, ते सगळं पिशवीत भरलं.

"येतो," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर "काम आहे जरा."

तिसऱ्या आठवड्यात मी ती नळी पोत्यात गुंडाळली आणि गोंदियाची बस पकडली. कंडक्टरने विचारलं, "बाई, बंदूक होय का?" मी म्हटलं, "हो. दूर बसा."

दुकान बाजाराच्या गल्लीत होतं. गल्ल्यावर मालक दुर्गाप्रसादजी, आणि मागे रबराच्या पट्ट्यांमध्ये उभा अतुल. मला पाहून त्याच्या हातातलं बेरिंग सुटलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं.

मी नळी काउंटरवर आपटली.

"शॉकअप अर्धा खोलून कोनी जाते का?"

"टीना... तुझ्या आईनं विचारलं तेव्हा—" तो थांबला. "असं गप्प होनं मी शाळेपासून पाहून राहिलो. मले त्याचा राग नाई येत आता. पन तुझ्या घरी माझ्यामुळं..."

"आईनं विचारलं. मी विचारलं होतं का?"

पायाशी आलेलं बेरिंग मी उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"घरचं मी पाहीन. सोपं नाई, मले मालूम आहे. पन तू न विचारता पाने उचलून गेला, त्याचा मले राग आला. लई आला."

मग त्याने नळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "गोंद भरून घासावी लागन."

आम्ही काउंटरच्या दोन बाजूंना बसलो. त्याने दोन ट्यूबांमधला गोंद मिसळून खड्ड्यात भरला. वाळल्यावर मी बारीक कागदाने घासलं, त्याने घासलं, पुन्हा मी. शेवटी ओढणी फिरवली तर ती सुर्रकन घसरली.

"चालवीन कोन पन?" मी विचारलं. "तू?"

"मी?" तो दचकला. "मले स्कुटीशिवाय काही येत नाई!"

मी इतकी हसले की दुर्गाप्रसादजींनी चष्मा वर केला. एवढी गाडी खोलली, जोडली, आणि म्हणे स्कुटी! मी मात्र बारावीपासून बाबांच्या मोटारसायकलवर दुधाचे कॅन पोचवत होते.

"मंग तूच चालव," तो म्हणाला. "पन स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर बसवा लागते. जास्त कडक नाई, जास्त नरम नाई." त्याने घसा साफ केला. "म्हनून... तुझं वजन किती आहे?"

"पोरीले असं विचारते का कोनी?"

"मी शॉकअपसाठी विचारून राहिलो!"

कोपऱ्यात लोखंड तोलायचा काटा होता. मी चप्पल काढली आणि सरळ त्याच्यावर उभी राहिले. अतुल आकडा पाहायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"क्यों भाई," दुर्गाप्रसादजी म्हणाले, "तौल हो गया कि अभी और देखना है?"

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आई-बाबांना सगळं सांगितलं. बाबा उठून तंदूर पेटवायला गेले. आई म्हणाली, "लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोक तं कोंबड्या हटवल्या तवापासूनच म्हनून राहिले." ती हसली नाही. दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही. पण रविवारी अतुल आला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं नाही.

संक्रांतीनंतर गाडी सुरू झाली. कापणी झालेल्या भातशेतीच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, आणि दोन बांध्यांच्या मधले धुऱ्यांचे उंचवटे म्हणजे उड्या मारायला तयार चढच! मी गाडीवर बसले. अतुल जमिनीवर पालथा पडून पुढचा शॉकअप किती दबतो ते टेपने मोजत होता.

"हलू नको."

"श्वास घेऊ का?"

"घे... हळू."

मग किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन असं भडकलं की बगळ्यांचा अख्खा थवा उडाला. मी पहिल्या धुऱ्याकडे निघाले. तोंडात धूळ. पुढचं चाक वर चढलं, मग खाली काहीच नव्हतं, नुसती हवा! आणि मग जमीन आली. मी दात घट्ट आवळले होते. पण धक्का बसलाच नाही. पुढचे शॉकअप खोल गेले, आणि सावकाश मला वर घेऊन आले.

परत आले तेव्हा धुऱ्यावर बाबा उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी हँडलला हात लावला, एकदा दाबून पाहिलं.

"मी चालवली तं?" त्यांनी अतुलला विचारलं.

"दबन जी. तुमच्या वजनावर पुन्हा खोलून बसवा लागन."

"मंग बसवजो पुढच्या रविवारी," बाबा म्हणाले. "लहान होतो तवा हिच्यावर बसून तोंडानंच आवाज काढत जाओ मी." आणि काही विशेष न बोलल्यासारखे ढाब्याकडे चालू लागले.

आम्ही दोघंच उरलो. मी गाडीवरून उतरले. अतुलने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"पयल्या दिवशी मले ही गाडी पाहिजे होती," तो म्हणाला. "खरं सांगून राहिलो. पन दुसऱ्या रविवारपासून... गाडी नाई."

"मंग काय?"

"आता काय सांगू..."

"सांग न. इतकं तेल गेलं जमिनीत, तरी सांगता येत नाई?"

"तू," तो म्हणाला. "तू पाहिजे."

"मले बी तूच पाहिजे," मी म्हणाले. "झालं. सांगून टाकलं."

आम्ही गाडी ढकलत घरी आणली. अतुल नेहमीसारखा ढाब्याच्या बाकाकडे वळला. तिथे कुणीही जेवतं, कुणी कुणाला नाव विचारत नाही. तेवढ्यात मागच्या दारात आई आली. तिचे डोळे लाल होते, चुलीच्या धुराने की कशाने, मी विचारलं नाही.

"तिकडे कायले बसता, बाबू?" ती म्हणाली. "आतमध्ये या. भात निवून राहिला."

तो उंबऱ्यापाशी अडखळला. मी मागून हळूच ढकललं. आत स्वयंपाकघरात ताटं मांडलेली होती, आणि त्याचं ताट बाबांच्या शेजारी होतं.